घाईची हुबेहूब नक्कल

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पांढऱ्या चिलखतातले सैनिक, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, एका नियंत्रणकक्षात घुसतात आणि पडद्याच्या उजवीकडच्या एकाचं डोकं दाराच्या वरच्या काठावर आपटतं. चित्रीकरणात झालेली ही चूक संकलनात कोणी काढली नाही. पुढे चाहत्यांना ती इतकी लाडकी झाली, की २००४च्या डीव्हीडीत त्या जागी ‘ठक्’ असा आवाज मुद्दाम भरण्यात आला. डोकं आपटायचं कारण साधं होतं. त्या शिरस्त्राणातून माणसाला धड काही दिसत नसे.

या एका क्षणावर चाहत्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्याच सैनिकाच्या पायांकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या साम्राज्याचा हा शिपाई, आणि पायात काय? बाजूला इलॅस्टिक लावलेले, घोट्याच्या जेमतेम वर पोचणारे चेल्सी बूट. त्या काळी लंडनच्या रस्त्यावर कोणीही घालून हिंडावं असे. फक्त पांढरे.

हे बूट आज जसेच्या तसे करू पाहणारी माणसं जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. पांढऱ्या व्हिनाइलचा एक तुकडा, एक जुना बूट आणि चित्रपटातल्या थांबवलेल्या चौकटींचा गठ्ठा घेऊन ती महिनोन्‌महिने बसतात. लांबून हा वेडेपणा दिसतो. जवळून पाहिलं की त्यात बूटकामाचं शास्त्र आहे, थोडा कायदा आहे आणि एक भलताच विरोधाभास आहे. मूळ बूट ज्यांनी केले त्यांनी त्यांचा फारसा विचार केला नव्हता, आणि नक्कल करणाऱ्यांना विचाराशिवाय दुसरं काही सुचत नाही.

मूळ बूट ज्यांच्या देखरेखीखाली ठरले ते जॉन मोलो गणवेशांच्या बाबतीत काही अडाणी नव्हते. उलट लष्करी गणवेश हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. १९६८चा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ आणि १९७५चा ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटांना त्यांनी सल्ला दिला होता. अख्ख्या चित्रपटाची वेशभूषा मात्र ‘स्टार वॉर्स’पूर्वी कधी केली नव्हती. डार्थ व्हेडरचं पहिलं रूप उभं करायला ते लंडनच्या बर्मन्स अँड नेथन्स या पोशाखांच्या कोठीत गेले. तिथल्या एका विभागातून मोटारसायकलवाल्याचा काळा सूट, दुसऱ्यातून जर्मन शिरस्त्राण आणि गॅस मास्क, तिसऱ्यातून जुन्या काळच्या साधूचा झगा असं एकावर एक चढवून त्यांनी तो खलनायक बनवला. १९७८मध्ये ऑस्कर स्वीकारताना ते म्हणाले, की हे पोशाख म्हणजे खरं तर थोडं नळकाम आणि थोडं मोटारीचं काम आहे. विनोद होता, पण खोटा नव्हता.

याच मोलोंना पुढे दुसरं ऑस्कर मिळालं ते ‘गांधी’साठी, आणि ते विभागून मिळालं कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याबरोबर. एप्रिल १९८३ची ती गोष्ट. भानुताई ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, हे आपण शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानात घोकून घेतो. पण त्यांच्या शेजारी ज्याचं नाव कोरलं गेलं तो माणूस स्टॉर्मट्रूपरच्या चिलखतामागचा, हे फारसं कोणी सांगत नाही. चरख्याजवळचं खादीचं धोतर आणि अंतराळातलं प्लास्टिकचं चिलखत यांची अशी सोयरीक आहे.

मग गणवेशांच्या एवढ्या जाणकारानं पायांत साधे बूट का दिले? माझ्या मते उत्तर चिलखतातच आहे. नडगीवरचा प्लास्टिकचा पत्रा बुटाचा वरचा भाग झाकून टाकतो. खाली दिसतो तो वीतभर. एवढ्यासाठी नवा बूट घडवायचा, तोही सगळ्या सैनिकांसाठी आणि इंग्लंडमधला एल्स्ट्री स्टुडिओ तसंच ट्युनिशियाचं वाळवंट अशा दोन्ही ठिकाणी टिकेल असा, हे कोणत्याही हिशेबात बसणारं नव्हतं. शिवाय घालायला-काढायला सोपा, नाडी नाही, बक्कल नाही, धावताना काही सुटणार नाही. शहाणपणाची निवड होती ती. कारागिरीची नव्हती, इतकंच.

चेल्सी बूट ही चीजही तशी नवी नव्हती. राणी व्हिक्टोरियाचे बूट करणाऱ्या जे. स्पार्क्स-हॉल यांनी बाजूला ताणपट्टी असलेल्या बुटाचं पेटंट १८४०मध्ये घेतलं. पुढे गंधक घालून भाजलेलं रबर आलं आणि ती ताणपट्टी खऱ्या अर्थानं टिकाऊ झाली. १९६०च्या दशकात लंडनच्या तरुणांनी आणि बीटल्सनी या बुटाला पुन्हा जिवंत केलं. घोडेस्वारीच्या दुकानांतले त्याच कुळातले बूट आजही आपल्या जोधपूरचं नाव लावून विकले जातात, आणि नकलेसाठी पाया म्हणून बरेच चाहते नेमके तेच विकत घेतात.

पांढऱ्या बुटाचं आणि भविष्यकाळाचं लग्न लावलं ते आंद्रे कुरेज या फ्रेंच पोशाखकारानं. १९६४च्या वसंतात त्यानं पॅरिसमध्ये ‘चांद्रकन्या’ थाटाचे कपडे दाखवले. त्यात पोटरीपर्यंतचे, सपाट टाचेचे पांढरे बूट होते. थोड्याच काळात स्वस्त व्हिनाइलमधल्या त्यांच्या नकला सगळीकडे झाल्या. व्हिनाइल, म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी, तोवर चाळिशीला टेकलं होतं; अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६मध्ये ते शोधलं. चकचकीत, पाणी न शोषणारं, कोणत्याही जनावराची आठवण न करून देणारं. चंद्रावर राहणारी माणसं गाईच्या कातड्याचे बूट कशाला घालतील, असा काहीसा तर्क त्या काळच्या वेशभूषाकारांच्या डोक्यात असावा. सत्तरच्या दशकापर्यंत विज्ञानकथेच्या पडद्यावर पांढरा किंवा चंदेरी बूट ही जवळपास रीतच झाली होती.

काहींनी त्याच्याही पुढे उडी मारली. १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात रॉबर्ट फ्लेचर यांनी विजारीलाच बूट जोडून टाकले. भविष्यात बूट वेगळे कशाला हवेत, ही कल्पना. पडद्यावर सफाईदार दिसलं, पण नटमंडळी वैतागली आणि पुढच्या चित्रपटात गणवेश मुळापासून बदलले. बूट हा प्रकार कल्पनेला फार लवकर जमिनीवर आणतो.

वेश करून संमेलनाला जायची पद्धत ‘स्टार वॉर्स’च्या खूप आधीची. जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातले कपडे घालून आले. ते कपडे मर्टल यांनी स्वतः शिवले होते. पुढची कित्येक दशकं हा हौसेचा मामला राहिला. जसं जमेल तसं करा, टाळ्या मिळवा.

त्याला शिस्त लावणाऱ्यांत ‘फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन’चा वाटा मोठा. १९९७मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनात अल्बिन जॉन्सन यांनी ही संघटना काढली. सभासद फक्त खलपक्षाचे, म्हणजे साम्राज्याचे सैनिक वगैरे. हजेरीचे पैसे कोणी स्वतःच्या खिशात घालत नाही; कार्यक्रम बहुधा धर्मादाय, मुलांच्या रुग्णालयांतले. २००७च्या पहिल्याच दिवशी पॅसाडेनाच्या रोझ परेडमध्ये जॉर्ज लुकस मानकरी होते आणि त्यांच्याबरोबर या संघटनेचे सुमारे दोनशे सैनिक चालले. सभासद व्हायचं तर पोशाखाचे फोटो पाठवायचे आणि संघटनेच्या नियमांशी ते तुकड्या-तुकड्यानं ताडून घ्यायचे. स्टॉर्मट्रूपरसाठी तर तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर प्रवेश मिळतो. तिसरीवर पोचायचं तर शिरस्त्राणाच्या गालावर हातानं रंगवलेल्या निळ्या रेघासुद्धा मोजून बघतात.

बुटांचा नियम त्या मानानं उदार आहे. पांढरे, घोट्याच्या वर जाणारे, कातड्याचे किंवा कातड्यासारख्या दिसणाऱ्या मालाचे. म्हणजे व्हिनाइल चालतं. पण ‘चालतं’ आणि ‘तसंच दिसतं’ यांत जे अंतर आहे, तिथेच सगळी मेहनत जाते.

तयार का घेत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. काही चित्रपटांतले बूट खरोखर विकत मिळाले. १९८६च्या ‘एलियन्स’मधला सिगोर्नी वीव्हरच्या पायातला रीबॉक दुकानात आला. १९८९च्या ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागातल्या नायकीच्या बुटाचे १,५०० जोड कंपनीनं २०११मध्ये लिलावात काढले आणि पैसे पार्किन्सनवरच्या संशोधनाला दिले. ते बूट मुळात कंपनीचे होते, म्हणून हे शक्य झालं. स्टॉर्मट्रूपरचा बूट कोणाचाच नव्हता. आज ऑनलाइन तयार जोड मिळतात, नाही असं नाही, पण मोठ्या मापाचे भारतीय पंजे त्यांत मावत नाहीत, आणि सीमाशुल्कासकट किंमत बघून डोळे पांढरे होतात.

पुण्यातल्या एका तरुणानं म्हणून ते घरीच करायचं ठरवलं. पेशानं तो यंत्रांचे आराखडे काढणारा. नाव छापू नका म्हणाला, कारण ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. त्याची पहिली कल्पना सरळ होती. काळे चेल्सी बूट घ्यायचे आणि पांढऱ्या स्प्रेनं रंगवायचे. हे बहुतेक सगळेच आधी करून बघतात. रंग सुंदर बसतो आणि चार पावलांत चवड्याच्या घडीवर तडकतो, कारण चामडं वाकतं आणि रंगाचा पापुद्रा वाकत नाही. पांढऱ्याखालचा काळा मग भेगेभेगेतून डोकावतो. आधीच व्हिनाइल असलेल्या बुटावर तर डब्यातला स्प्रे मारूच नये. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य वर झिरपतं, रंगात मुरतं, आणि रंग कायमचा चिकट राहतो. त्यावर धूळ बसते, ती निघत नाही.

म्हणून दुसरा मार्ग, व्हिनाइल चढवायचा. आपल्याकडे दुकानात त्याला रेक्झिन म्हणायचं, नाहीतर दुकानदार गोंधळतो. रेक्झिनमध्येही पारख लागते. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, रेक्झिन हाताला मऊ, खऱ्या कातड्याच्या जवळचं, म्हणून नवखा माणूस तेच उचलतो. आपल्या पावसाळी दमट हवेत त्याचा वरचा थर दोन-चार वर्षांत पोपडे धरून सुटतो. कपाटातली पर्स किंवा सोफा असा सोललेला प्रत्येक घरात असेल. पीव्हीसीचं रेक्झिन जरा राठ, पण सोलत नाही. त्यातही पाठीला विणलेलं ताणदार कापड असलेलं घ्यायचं; ताग्याच्या साध्या कापडाची पाठ असलेलं बॅगेला ठीक, बुटाला नाही. का ते पुढे येईलच.

आधी पाया-बूट. तो खऱ्या चामड्याचा हवा, सपाट तळाचा, ठेंगण्या टाचेचा. पायाच नकली कातड्याचा असला तर गोंद त्याच्या कातडीला धरतो आणि सालासकट निघून येतो. बूट थिनरनं पुसायचा, पॉलिशचा तेलकटपणा काढायचा, मग सँडपेपरनं खरवडून खरखरीत करायचा. आत फर्मा हवा. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्याच्यावर बूट घडतो. कागद कोंबून काम भागत नाही, कारण रेक्झिन दाबताना बूट आत दबतो आणि सुरकुती पडते.

नमुना काढायची रीत मला फार आवडली. बुटावर आधी पातळ प्लास्टिक, त्यावर कागदी चिकटपट्टीचे आडवे-उभे दोन थर. मग पेन्सिलीनं रेघा. पुढची मध्यरेषा, मागची मध्यरेषा, इलॅस्टिकची कड, तळ जिथे सुरू होतो ती कड. नंतर रेघांवर कापून सगळं टरफल सोडवायचं आणि टेबलावर सपाट करायचं.

इथे ते सपाट होत नाही. पाऊल जिथे नडगीला मिळतं तिथे बुटाला खोगिरासारखा दुहेरी बाक आहे. एका दिशेनं आत, दुसऱ्या दिशेनं बाहेर. असा आकार कोणत्याही कागदातून सपाट निघत नाही. कुठेतरी चीर द्यावी लागते, आणि चीर दिली की शिवण येते. चेल्सी बुटाला पुढच्या बाजूला शिवण नसतेच. पुढचा सगळा भाग एकाच तुकड्याचा, शिवण फक्त इलॅस्टिकच्या कडांना. नक्कल अचूक हवी तर त्या बाकावर शिवण घालायला बंदी.

खरे बूटवाले हे कसं करतात? ते चामडं भिजवतात, वाकड्या फळीवर ताणून ठोकतात आणि तसंच वाळू देतात. वाळलं की चामडं तो बाक लक्षात ठेवतं. व्हिनाइल भिजत नाही. ते गरम करावं लागतं, हेअर ड्रायरनं. त्याहून कडक उष्णतेनं चकाकी जाते किंवा सरळ भोक पडतं. गरम असताना ते ताणतं, गार झालं की मूळ आकाराकडे परत जाऊ बघतं. म्हणजे गरम करा, ओढा, आणि गार व्हायच्या आत गोंदानं जागेवर धरा. इथे ती ताणदार पाठ लागते. शिवाय तुकडा कापताना जास्त ताणाची दिशा पायाच्या आडवी ठेवायची की तिरकी, यावर मंडळींत तुंबळ मतभेद आहेत. मला तिरकीवाल्यांचं पटतं, कारण बाक दोन्हीकडून भरतो.

गोंदाचीही तीच तऱ्हा. नेहमीचं रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. पण व्हिनाइलमधलं ते झिरपणारं द्रव्य रबरी सोल्यूशनलाही हळूहळू मऊ करतं आणि काही महिन्यांनी कड उलगडू लागते. बूटकारखान्यांत पीव्हीसीसाठी पीयूचा गोंद वापरतात, तोच घ्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हे सांगायला नको, पण रात्री दार लावून, पंखा बंद करून, डोकं धरेपर्यंत काम करणारी मुलं बरीच आहेत.

शिलाईबद्दल थोडक्यात. टाचणी टोचायची नाही, भोक राहतं, चिमटे लावायचे. यंत्राचा साधा पाय व्हिनाइलला चिकटून बसतो, टेफ्लॉनचा लावायचा. टाके लांब, तीन-चार मिलिमीटरचे. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि पहिल्याच ताणाला फाटते. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही, हेच काय ते.

एवढं सगळं जमलं तरी खालची कड उरते. खऱ्या बुटात चामड्याची कड तळाखाली ओढून दडपलेली असते आणि वरून तळ बसतो. आपल्या बुटाला तळ आधीच लागलेला आहे. मग रेक्झिन तळाच्या वर काठोकाठ कापलं तर काही दिवसांनी तिथे काळी फट दिसते. तळाची कड सुरीनं उचकटून आत चार-पाच मिलिमीटर खोचलं तर बरं, पण टोकाच्या गोलाईवर चुण्या पडतात. तिसरा मार्ग, तळ पूर्ण काढायचा, रेक्झिन नीट ओढून घ्यायचं, तळ पुन्हा बसवायचा. हे घरी होत नाही.

म्हणून हा तरुण मुंबईला आला, चेंबूर-कुर्ल्याकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत. या वस्तीत शेकडो छोट्या खोल्यांतून बूट-चपला होतात. देशभरच्या दुकानांत वेगवेगळ्या नावांनी दिसणारा बराच माल इथला. मीही बरोबर गेलो. एका माळ्यावर, डोकं वाकवूनच उभं राहता येईल अशा खोलीत, एक वयस्क कारागीर बसले होते. तरुणानं जोड पुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, अंगठ्यानं टाच दाबली, वास घेतला.

“बूट के ऊपर बूट? कायको?” ते म्हणाले. “फर्मे पे नया बना देता ना.”

त्यांचं बरोबर होतं. फर्म्यावर नवा बूट घडवला तर कड, चुण्या, गोंद हे सगळे प्रश्न मुळातच उद्भवत नाहीत. पांढरं चामडं घ्या, भिजवून बाक घ्या, संपलं. तरुणानं मोबाइलवर चित्रपटातली चौकट काढून दाखवली. कारागिरांनी चष्मा चढवला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी नापसंती उमटली ती लिहून दाखवणं कठीण आहे. घोट्याशी ढिलाई. इलॅस्टिकच्या वर सुरकुत्या. टोकाचा रंग घासलेला. हे यांना हुबेहूब हवंय? असला जोड त्यांच्या पोरानं केला असता तर उसवायला लावला असता, असं ते म्हणाले. तरुण अजीजीनं सांगत होता, “चाचा, तसंच पाहिजे. इथे थोडं लूज.” चाचा मानेनं नाही म्हणत होते. अखेर तोडगा निघाला. तळ ते बसवणार, पण चोख; ढिलाई ज्यानं मागितली त्यानं ती नंतर स्वतः आणावी.

मला त्या माळ्यावर चाचांची बाजू जास्त पटत होती, आणि अजूनही पटते. पण तरुणाच्या हट्टात काही अर्थ नाही असं मात्र नाही. आपल्याकडे ऐतिहासिक मालिकांत मावळा घोड्यावरून उतरतो आणि त्याच्या पायातल्या जोड्याला खाली कारखान्याचा रबरी तळ दिसतो. कोणाला काही वाटत नाही. तलवारीची मूठ बरोबर असली की झालं. खालच्या वीतभर भागाची अशी हेळसांड आपण इतकी सवयीनं सोसतो, की एखादा पोरगा तेवढ्याचसाठी झुरतो आहे हे पाहून बरं वाटलं.

आणि अपूर्णतेची नक्कल ही या छंदाची विकृती नाही, गाभा आहे. मूळ शिरस्त्राणाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. रंगाच्या रेघा हातानं ओढलेल्या, प्रत्येकावर वेगळ्या. ती बनवणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी चित्रपटासाठी पन्नास शिरस्त्राणं साच्यातून काढली होती. त्यांनीच पुढे प्रतिकृती विकायला सुरुवात केली, तेव्हा लुकसफिल्मनं त्यांना कोर्टात खेचलं. २०११मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे. चित्रपट बनवण्याच्या कामात उपयोगी पडलेली ती वस्तू. शिल्पाला मिळतं तसं दीर्घ संरक्षण तिला ब्रिटनच्या कायद्यात मिळणार नाही. अमेरिकी स्वामित्वहक्काचा दावा मात्र इंग्रजी न्यायालयात चालू शकतो, असंही त्याच निकालात म्हटलं. न्यायमूर्तींनी बुटांचा विचार करण्याचं काही कारण नव्हतं. शिरस्त्राणच जर उपयोगी वस्तू, तर बाजारात तयार मिळणाऱ्या घाटाचा बूट कुठल्या कोपऱ्यात पडेल ते उघड आहे. ज्याला न्यायालय कला मानत नाही, त्याची नक्कल करायला माणसं एखाद्या मूर्तीसारखी मापं घेतात, ही गंमत मला विचार करण्यासारखी वाटते.

बूट झाल्यावर ते मळवायचे असतात. पांढराशुभ्र नवा जोड अंतराळतळावरच्या सैनिकाला शोभतो. ट्युनिशियाच्या वाळवंटात यंत्रमानव शोधत हिंडणाऱ्याला नाही. पडद्यावरची धूळ बहुतेक वेळा फुलर्स अर्थची असते, आणि ती आपल्याकडे मुलतानी माती म्हणून किराणा दुकानात मिळते. परदेशी चाहते मागवून घेतात, आपल्या पोरांना आईच्या कपाटात सापडते. आधी पातळ तपकिरी रंगाचा हात, तो अर्धा पुसायचा, मग घोट्याच्या घड्यांत आणि तळाच्या कडेला माती चोळायची. चाचांनी चोख केलेल्या जोडाला त्या तरुणानं अशी कळा आणली. फोटो चाचांना पाठवला नाही.

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये असे जोड पायांत घालून दिवसभर उभं राहायचं म्हणजे वेगळीच परीक्षा. भारतात कॉमिक कॉन सुरू झालं २०११मध्ये, दिल्लीत. मुंबईलाही ते लवकरच आलं. व्हिनाइलला श्वास नाही. घाम बाहेर जात नाही, वरून प्लास्टिकचं चिलखत. दोन जोड सुती मोजे, आत घाम शोषणारा पातळ थर, दर दोन तासांनी बूट काढून पाय कोरडे करणं, हे करावंच लागतं. गर्दीत पावलं दिसत नसल्यानं लोक बुटांवर पाय देतात. पांढऱ्या व्हिनाइलवर दुसऱ्याच्या जीन्सचा निळा रंग चढला तर तो आत मुरतो आणि साबणानं जात नाही. वर्तमानपत्राची शाईही अशीच मुरते, म्हणून घरी आल्यावर आत-बाहेर कोरा कागद कोंबावा. उन्हात वाळवू नये. पांढरं व्हिनाइल उन्हानं पिवळं पडतं, आणि ते परत पांढरं करण्याचा उपाय निदान मला तरी कोणी सांगू शकलं नाही.

कोणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर माझी शिफारस चाचांच्या बाजूनं आहे. जुन्या बुटावर व्हिनाइल चढवण्याची हौस एकदा करून बघा, कारण बूट कसा असतो हे त्याशिवाय कळत नाही. पण अंगावर घालून मिरवायचा जोड फर्म्यावर नवाच घडवून घ्या, ढिलाई हवी असेल तर ती आधी चित्र काढून सांगा, आणि एका जोडासाठी कारखान्याचं काम थांबवणारा कारागीर जे मागेल ते पैसे घासाघीस न करता द्या.